पॉज स्क्वॉट : तळाशी थांबण्याचा सराव

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या पुष्कळ मुलांचे पाय जिममध्ये येण्याआधीच तयार झालेले असतात. कोणी गावच्या तालमीत वस्तादांच्या नजरेखाली जोर-बैठका मारलेल्या असतात, कोणी मराठा लाइट इन्फंट्रीच्या भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावलेला असतो, तर कोणी सुगीत भाताची पोती ट्रॉलीत चढवलेली असतात. त्यामुळे स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर वजनाचा रॉड घेऊन खाली बसून उठणे, आपल्याला येतोच, असे त्यांना वाटते. आणि रॉड खांद्यावर आला की बैठकेच्याच लयीत ते झपकन खाली जातात आणि उसळी घेऊन वर येतात.

मीही तेच करत होतो. साठ किलोपर्यंत काही जाणवले नाही. ऐंशीला मात्र वर येताना कंबर आधी उचलली जाई, छाती खालीच राही आणि सगळा भार पाठीच्या खालच्या भागावर येई. मी तेव्हा जिथे जात होतो, तिथल्या प्रशिक्षकांनी ‘वजन वाढवत राहा, सवय होईल’ एवढेच सांगितले, आणि मी दोन महिने दुखऱ्या कमरेने वजन वाढवत राहिलो. पुढे शेजारी व्यायाम करणाऱ्या एका वयस्क गृहस्थांनी रॉडवर फक्त पन्नास किलो ठेवायला लावले आणि म्हणाले, ‘खाली जा आणि मी सांगेपर्यंत तिथेच थांब.’ दोन सेकंदही मला नीट थांबता आले नाही. एक टाच उचलली गेली, गुडघे आत वळले आणि पाठ गोल झाली. आपल्या स्क्वॉटमध्ये काय कच्चे आहे, ते त्या दोन सेकंदांत मला दिसले.

याचे कारण असे. आपण वेगाने खाली जातो तेव्हा मांड्या आणि नितंबांचे स्नायू व त्यांच्या कंडरा ताणल्या जातात, ताणलेल्या रबरासारखी त्यांच्यात शक्ती साठते, आणि लगेच दिशा बदलली तर ती शक्ती वर येताना परत मिळते. शिवाय अचानक ताणलेला स्नायू प्रतिक्षिप्त क्रियेने आपोआप आवळतो, त्याचीही मदत होते. नेहमीच्या स्क्वॉटमध्ये ही मदत घेण्यात गैर काही नाही. मात्र ती अशक्तपणा झाकते. तळाशी दोन-तीन सेकंद थांबले की साठलेल्या शक्तीचा मोठा भाग विरून जातो आणि पुढचे उठणे निव्वळ स्नायूंच्या जोरावर करावे लागते. पॉज स्क्वॉट, म्हणजे तळाशी असा थांबा घेऊन केलेला स्क्वॉट, करायचा तो यासाठी.

तालमीतली बैठक कमी प्रतीची आहे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. बैठकेत टाचा उचलल्या जातात, गुडघे पंजांच्या पुढे जातात, हात झुलतात आणि लयीवर शेकडोंची गणती पुरी होते. पैलवानाला लागणारा दमसास त्यातूनच येतो. तिचा हेतू वेगळा आहे, आणि खांद्यावर रॉड असताना तीच सवय चालवली तर गुडघे व कंबर यांना ती महागात पडते, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता प्रत्यक्ष कृती. रॅकचे, म्हणजे रॉड ठेवायच्या उभ्या चौकटीचे, हुक छातीच्या मध्याच्या उंचीला लावावेत, म्हणजे रॉड उचलताना टाचा उंचवाव्या लागत नाहीत. आडवे सेफ्टी दांडे आपल्या तळाच्या स्थितीत रॉड जिथे येतो त्याच्या किंचित खाली बसवावेत. या प्रकारात माणूस तळाशीच अडकतो, म्हणून हे दांडे नसतील तर भारी वजनाने पॉज स्क्वॉट करूच नये. रॉड मानेच्या हाडावर टेकता कामा नये. खांदे मागे ओढल्यावर मानेखाली मांसाची जी गादी तयार होते, तिच्यावर तो बसला पाहिजे. दोन-तीन पावलांत मागे यावे, पाय साधारण खांद्यांइतके फाकवावेत, चवडे थोडे बाहेर वळवावेत. अंगठ्याचे मूळ, करंगळीचे मूळ आणि टाच ही तिन्ही ठिकाणे जमिनीला घट्ट टेकलेली असावीत.

श्वास छातीत न भरता पोटात भरावा आणि कोणी पोटावर बुक्की मारणार आहे अशा तयारीने पोट चहूबाजूंनी आवळावे. मग दोन सेकंद घेत, गुडघे चवड्यांच्या दिशेने ठेवून खाली जावे. मांडी आणि धड जिथे मिळतात ती घडी गुडघ्याच्या वरच्या पातळीच्या खाली गेली की खोली पुरी झाली. एवढ्या खोलीवर पाठ गोल होत असेल तर थोडे वरच थांबावे, आणि घोट्यांच्या लवचिकतेवर वेगळे काम करावे. तोवर टाचांखाली पातळ प्लेट ठेवून चालवता येते.

थांबणे म्हणजे विसावणे नव्हे. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे मी थोडा रेंगाळतो. पानाच्या गादीवर बसल्यासारखे मांड्या पोटऱ्यांवर टेकवून दिले की स्नायू सैल पडतात, कमरेचा बाक सुटतो आणि भार सांध्यांवर लोंबकळतो. श्वास आतच धरलेला, पोट आवळलेले, गुडघे बाहेर रोखलेले, आणि पुढच्या क्षणी उठायचे आहे अशी सगळ्या अंगाची तयारी, ही खरी थांबण्याची स्थिती. रॉड बोटभरही हलता कामा नये. पुष्कळजण उठण्याआधी नकळत आणखी थोडे खाली बुडी मारतात आणि त्या बुडीची उसळी घेतात. तसे केले की थांबण्याचा सगळा उपयोग गेला.

सेकंद स्वतः मोजू नयेत, कारण भाराखालचा माणूस नेहमी लवकर मोजतो. आमच्याकडे मागे उभे राहून सपोर्ट देणारा मोजतो. माझा जोडीदार कन्नड बोलणारा आहे. त्याचे ‘ओंदु, एरडु, मूरु’ सावकाश पुरे झाल्यावरच मी उठतो, आणि तीन सेकंद खरोखर किती लांब असतात ते मला त्याच्याच मोजण्यातून कळले.

उठताना पायांनी जमीन खाली ढकलावी आणि छाती व कंबर एकाच वेगाने वर आणावी. अर्ध्याच्या थोडे खाली एक जड जागा लागते. ती ओलांडल्यावरच श्वास सोडावा. रक्तदाब किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनी श्वास रोखून भार उचलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, कारण त्या क्षणी रक्तदाब बराच चढतो. हर्निया झालेल्यांनीही तेच करावे.

वजन किती घ्यावे, इथे अभिमान आड येतो. नेहमीच्या स्क्वॉटमध्ये ऐंशी किलोने पाच वेळा उठता येत असेल, तर सुरुवात साठने करावी. पहिले दोन आठवडे दोन सेकंदांचा थांबा आणि पाच-पाच वेळा उठण्याचे तीन सेट, म्हणजे तीन फेऱ्या. पुढचे दोन आठवडे तीन सेकंदांचा थांबा, तीन-तीनचे चार सेट, आणि वजन फक्त अडीच ते पाच किलोंनी जास्त. सेटच्या मध्ये तीन मिनिटे विश्रांती हवी. आठवड्यातून एक, फार तर दोन दिवस पुरेत, आणि भरतीसाठी पळणाऱ्या मुलांनी लांब धावण्याच्या आदल्या दिवशी हा व्यायाम ठेवू नये. ज्याने नुकतीच जिम सुरू केली आहे, त्याने रॉड घेऊच नये. एक डंबेल दोन्ही हातांनी छातीशी धरून हाच थांबा महिनाभर करावा. डंबेल समोर असल्यामुळे तोल मागे जात नाही, पाठ आपोआप सरळ राहते आणि खोलीची ओळख होते.

दर आठवड्याला एका सेटचे मोबाइलवर बाजूने चित्रण करावे, कॅमेरा कमरेच्या उंचीला ठेवून. उठतानाचा पहिला अर्धा सेकंद सावकाश करून पाहावा. कंबर वर गेली आणि रॉड जागीच राहिला, असे दिसले तर वजन पाच किलोंनी उतरवावे. गुडघे आत येत असतील तर वजन तेच ठेवून पुढच्या सेटला चवडे आणि गुडघे एका रेषेत राखण्याकडेच लक्ष द्यावे.

पाचव्या आठवड्यात नेहमीच्या स्क्वॉटकडे परत यावे, पण पहिल्या दिवशी जुनेच वजन घ्यावे. मी परतलो तेव्हा ऐंशीच किलो होते. तळाशी रॉड स्थिर राहिला, कंबर आणि छाती बरोबर उठली, आणि मागे उभ्या असलेल्या जोडीदाराला एकदाही हात लावावा लागला नाही. तुमच्याही चित्रणात हेच दिसले, तरच पुढच्या आठवड्यात दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोची प्लेट चढवावी.