पिक्चर सुटल्यावर नीट भांडायचं कसं

ठाण्यात पिक्चर पाहून मंडळी तलावपाळीला टेकली की पहिलं वाक्य ठरलेलं: "काहीही दाखवतात!" गाडी तिथेच अडते, कारण नेमकं काय पटलं नाही हे कुणी वेगळं काढत नाही.

तयारी मध्यंतरातच करा. समोशाच्या रांगेत उभ्या उभ्या मोबाइलवर तीन ओळी टिपा: नायकाला काय हवंय, आडवं कोण येतंय, आणि आत्तापर्यंत कुणाला काय माहीत झालंय. शेवट कळला की आपण मागची भोकं मनातल्या मनात बुजवून टाकतो, म्हणून घरी जाऊन केलेली नोंद फारशी कामाची नसते.

"हिरोइन चुकली" म्हणण्याआधी तोच प्रसंग, तेच संवाद तुमच्या आवडत्या नटीच्या तोंडी घालून बघा. तरीही लंगडं वाटलं तर दोष लेखकाचा. मग कान लावा. पिक्चर ओटीटीवर आला की दोन मिनिटं डोळे मिटून फक्त ऐका. आगरी पात्र असेल तर 'ळ'चा 'ल' आणि 'ण'चा 'न' कुणीही करेल. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या माणसाला खटकतो तो उसना ठेका. वय शेवटी बघा. पंचेचाळिशीचा नट कॉलेजात दाखवला तर हसू येतंच, पण तो निर्णय बहुधा तिकीटबारीचा असतो, नटाचा नव्हे.

चरित्रपटाला वेगळी फूटपट्टी लागते. 'धर्मवीर' (२०२२) मध्ये प्रसाद ओक आनंद दिघे झाले. दिघे २००१ साली गेले. म्हणजे कट्ट्यावर पंचविशीचा पोरगा आणि टेंभी नाक्यावर त्यांना पाहिलेले काका एकाच भूमिकेबद्दल बोलत असले तरी एक नटाला मोजतो, दुसरा आठवणीला. आधी विचारून घ्या, मूळ माणूस कुणी पाहिलाय? मेकअप, दाढी, चष्मा बाजूला ठेवा. बसणं, ऐकणं, गप्प राहणं बघा. नक्कल असेल तर ती गप्प राहण्यातच उघडी पडते.

आता कथानक. 'अशक्य' आणि 'न पटणारं' यांत गल्लत होते. अशक्य गोष्ट तपासता येते. ठाण्याहून सीएसएमटी ३४ किलोमीटर. फास्ट लोकललाही पाऊण तासाच्या आसपास लागतो, त्यामुळे पात्र दहा मिनिटांत पोचलं तर सरळ चूक मांडा. कोर्ट मॅरेजचंही तेच. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानुसार आधी नोटीस, मग ३० दिवस, आणि सहीला तीन साक्षीदार. सकाळी पळून दुपारी सही जमत नाही. मात्र जोडप्याने आधी आळंदीला विधीने लग्न लावून नंतर नोंदणी केली असेल तर तो हिंदू विवाह कायदा, तिथे हे ३० दिवस नाहीत. एवढं न बघता बोललात तर कट्ट्यावरचा वकील तुमची विकेट काढेल. अटकेनंतर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं, हेही लक्षात असू द्या.

न पटणारं मात्र पिक्चरच्या जातीवर ठरतं. 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मध्ये तिघांचं रक्त एकाच वेळी थेट आईला चढतं. ना तपासणी, ना क्रॉसमॅच. तरी कुणी तक्रार करत नाही, कारण हा पिक्चर कुठल्या गावचा ते तिथवर कळलेलं असतं. हीच सूट वास्तववादी पोलिसपटाला देऊ नका. योगायोगांना एक खूण पुरते: नायकाला अडचणीत ढकलणारा चालतो, अडचणीतून सोडवणारा खटकतो. आणि "एक फोन केला असता तर पिक्चर संपला असता" असं वाटलं, तर फोन न करण्याचं कारण पडद्यावर दिलं होतं का ते मध्यंतराच्या नोंदीत शोधा.

बसायला सहा ते आठ जण, रविवारी सकाळी दहा. संध्याकाळी घोडबंदरवाले वेळेत पोचणार नाहीत. पहिल्या फेरीत प्रत्येकी दोन मिनिटं, मधे कुणी तोंड घालायचं नाही. स्टार द्यायचे तर बोलण्याआधी चिठ्ठीवर लिहून घ्या, नाहीतर पहिला बोलतो त्याचंच मत सगळ्यांचं होतं. परीक्षण वाचून आलेल्याचा नंबर सगळ्यात शेवटी.