वाकड्यातिकड्या जागेचं क्षेत्रफळ कसं काढावं?

शेत मोजायची एक रीत गावोगाव चालते. चारी बांध टेपने मोजायचे, समोरासमोरच्या बांधांची सरासरी काढायची आणि त्या दोन सरासऱ्यांचा गुणाकार करायचा. रीत सोपी आहे, पण चुकीची. शेत अगदी काटकोनी आयत असेल तरच ती बरोबर उत्तर देते. एरवी जागा आहे त्यापेक्षा जास्तच दाखवते. घेणाऱ्याने तर तिच्यापासून सावधच राहावं. किती फरक पडतो ते पुढे आकड्यांत पाहू. आधी घरातल्या घरात हात बसवून घेऊ.

कच्चा नकाशा काढा

कागदावर जागेची बाह्यरेषा काढा. ती प्रमाणात नसली तरी चालेल, पण एकही कोपरा सुटता कामा नये. प्रत्येक बाजूवर माप लिहा आणि सगळी मापं एकाच एककात ठेवा. फूट-इंच असतील तर इंचांना १२ ने भागून दशांशात आणा. ९ फूट ६ इंच म्हणजे ९.५ फूट, ९.६ नव्हे. फरशीच्या हिशोबातल्या निम्म्या चुका इथेच होतात.

एल आकाराचा हॉल

समजा हॉलची बाहेरची लांबी १८ फूट आणि रुंदी १६ फूट आहे, पण एका कोपऱ्यात ८ बाय ६ फुटांचं बाथरूम घुसलंय. इथे दोन वाटा आहेत.

पहिली तुकडे पाडायची. खालचा सलग पट्टा १८ × १० = १८० चौरस फूट, त्यावरचा तुकडा १० × ६ = ६० चौरस फूट. एकूण २४०.

दुसरी वजाबाकीची. कोपरा भरलेलाच आहे असं धरा: १८ × १६ = २८८. त्यातून बाथरूमचे ४८ काढा, राहिले २४०.

दोन्ही वाटांनी करून पाहा. उत्तर जुळलं नाही, तर बहुतेक वेळा एक तुकडा दोनदा मोजलेला असतो. १८ × १० आणि १० × १६ असे दोन लांब पट्टे धरून बेरीज केली, तर ३४० येतात, कारण मधला १० बाय १०चा चौकोन दोन्ही पट्ट्यांत आला. म्हणून कापण्याची रेघ नकाशावर खरोखर ओढा आणि तुकड्यांना क्रमांक द्या. मनातल्या मनात कापलेले तुकडे एकमेकांवर चढतात.

२ बाय २ फुटांची एक फरशी ४ चौरस फूट भरते, म्हणजे ६० फरश्या. कापाकापीत वाया जाणाऱ्या वेगळ्या धरा. त्या किती, ते गवंड्यालाच विचारलेलं बरं.

हॉलला अर्धगोल बाल्कनी असेल, तर तिची सरळ कड म्हणजे वर्तुळाचा व्यास. तो ६ फूट असेल तर त्रिज्या ३ फूट. ३.१४ × ३ × ३ = २८.२६, त्याचं अर्धं १४.१३ चौरस फूट. त्रिज्येऐवजी चुकून व्यास घातला, तर उत्तर थेट चौपट होतं.

आता शेत

घरात बहुतेक कोपरे काटकोनात असतात, म्हणून काम सोपं. शेतात तसं नसतं. चार बाजू मोजून चौकोन ठरतच नाही. सांधे सैल झालेली बाज आठवा. चारी लाकडांची लांबी तीच, पण चौकट एका अंगाला कलली की आतली जागा कमी होते. भास्कराचार्यांनी ११५० सालच्या 'लीलावती'त हे फार तिखट शब्दांत सांगितलंय: लंब किंवा कर्ण न देता चौकोनाचं ठरावीक क्षेत्रफळ विचारणारा पिशाच, आणि त्याला उत्तर देणारा त्याहून मोठा पिशाच!

तेव्हा चार बांधांबरोबर एक कर्णही मोजायचा. कर्ण ओढला की चौकोनाचे दोन त्रिकोण होतात, आणि त्रिकोणाच्या तीन बाजू ठरल्या की तो हलत नाही.

समजा शेताचे कोपरे क्रमाने अ, ब, क, ड आहेत. अब १०० फूट, बक १७०, कड २००, डअ १३० आणि कर्ण अक २१० फूट.

कोपऱ्यांवर खुंट्या ठोका आणि अ ते क सुतळी ताणून बांधा. आता ब पासून या सुतळीवर लंब टाकायचा. सुतळीवर अंदाजाने एक जागा धरा आणि तिथे ३-४-५ ने काटकोन तपासा: सुतळीवर ३ फूट, लंबाच्या दिशेने ४ फूट, आणि त्या दोन टोकांमधलं अंतर बरोबर ५ फूट. जुळेपर्यंत जागा पुढेमागे सरकवा. मोजणीदार पूर्वी याच कामासाठी शंकू, म्हणजे काटकोन साधायचं साधन, वापरत. शंकू-साखळीची मोजणी म्हणतात ती हीच. आठवीच्या गणितात अनियमित जागेचं क्षेत्रफळ काढतात तेही असंच.

आपल्या शेतात ब चा लंब ८० फूट आणि पलीकडून ड चा लंब १२० फूट भरतो. दोन्ही त्रिकोणांचा पाया एकच, म्हणून एका फटक्यात हिशोब होतो: ½ × २१० × (८० + १२०) = २१,००० चौरस फूट.

पीक उभं आहे, लंब टाकता येत नाही? मग हेरॉनचं सूत्र वापरा. त्रिकोणाच्या तीन बाजूंची बेरीज निम्मी करायची. १००, १७०, २१० साठी ती येते २४०. त्यातून एकेक बाजू वजा केली की १४०, ७० आणि ३०. आता २४० × १४० × ७० × ३० चं वर्गमूळ मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर काढा: ८,४००. दुसऱ्या त्रिकोणाचं येतं १२,६००. बेरीज पुन्हा २१,०००. मी तर लंब टाकता येत असला तरी हेही करून पाहीन. दोन उत्तरांत थोडाफार फरक म्हणजे टेपचा झोल. मोठा फरक म्हणजे एखादं माप चुकलंय.

आणि सरासरीच्या रितीने? (१०० + २००) चे निम्मे १५०, (१७० + १३०) चे निम्मे १५०. गुणाकार २२,५००. १,५०० चौरस फूट जास्त! ३३ बाय ३३ फूट, म्हणजे १,०८९ चौरस फुटांचा एक गुंठा. अर्थात सव्वा गुंठ्याहून अधिक जमीन, जी कुठे नाहीच.

ओढ्याकाठची बाजू

क ते ड या बाजूला ओढा असेल तर शेताची हद्द सरळ नसते. त्यासाठी क ते ड सुतळी सरळच बांधायची आणि तिच्यापासून काठापर्यंतचं अंतर दर ५० फुटांवर मोजायचं. समजा अंतरं आली ०, १२, १८, १०, ०. टोकांना त्रिकोण, मध्ये समलंब चौकोन. प्रत्येकाचं क्षेत्रफळ वेगळं काढलं तर ३०० + ७५० + ७०० + २५० = २,०००. टोकांची अंतरं शून्य असतील तेव्हा मधल्या अंतरांची बेरीज गुणिले ५० केलं तरी तेच येतं: ४० × ५०. हद्द सुतळीच्या बाहेर गेली तर हे मिळवायचं, आत आली तर वजा करायचं. वळण फार असेल तर ५० ऐवजी २० फुटांवर मापं घ्या.

आपला काठ बाहेर गेलाय असं धरू. एकूण २३,००० चौरस फूट, म्हणजे साधारण २१.१२ गुंठे. शेतात २० फूट व्यासाची विहीर असेल तर पेरणीच्या हिशोबासाठी ३.१४ × १० × १० = ३१४ चौरस फूट वजा करा. मालकीच्या क्षेत्रातून मात्र ती जात नाही.

उतारावरच्या जमिनीत, कोकणात तर हमखास, टेप जमिनीला चिकटवून धरू नका. जमिनीचं क्षेत्र सपाटीवरच्या मापाने धरतात. टेप आडवा, पातळीत धरा; उतार तीव्र असेल तर छोट्या छोट्या टप्प्यांत मोजा आणि प्रत्येक टप्प्याला ओळंबा सोडून खालची जागा पक्की करा.

शेवटी सातबाऱ्याशी ताडून पाहा. तिथे क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये असतं. २३,००० चौरस फुटांना १०.७६४ ने भागा: सुमारे २,१३७ चौरस मीटर, म्हणजे ०.२१.३७. बोलताना आर आणि गुंठा सर्रास एकच धरतात, पण आर १०० चौरस मीटरचा आणि गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा. एवढ्याशा जागेत हा फरक पाव गुंठ्याचा आहे. त्याहून बरीच तफावत दिसली तर आधी कर्ण पुन्हा मोजा. तरीही मिटली नाही, तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज द्या. हद्दीच्या वादात आपल्या टेपचं माप चालत नाही, पण मोजणीदार येईल तेव्हा हा कच्चा नकाशा हाताशी असू द्या.