कॉलेजचा लॅपटॉप मुलांनाच निवडू द्या

कॉलेजचा प्रवेश पक्का झाला की घरात पहिला विषय निघतो तो लॅपटॉपचा. साहजिक आहे. बाकीच्या काळज्या मोघम असतात. लॅपटॉप मात्र दुकानातून उचलून आणता येतो आणि आणला की आपण पोरासाठी काहीतरी केलं असं समाधान मिळतं. माझी मोठी लेक आर्किटेक्चरला गेली, धाकटा संख्याशास्त्राला. दोघांच्या खरेदीनंतर माझं मत पक्कं झालंय: लॅपटॉप सगळ्यात शेवटी घ्यावा आणि तो मुलांनीच निवडावा. आई-बाबांनी बजेट सांगावं, चार प्रश्न विचारावेत आणि गप्प बसावं. त्यातलं गप्प बसणं सगळ्यात कठीण.

शेवटी का, तर कोणता लॅपटॉप लागेल हे मुलाच्या विषयावर ठरतं आणि त्या विषयाला कोणतं सॉफ्टवेअर लागतं हे फक्त त्याच्या विभागाला माहीत असतं. बऱ्याच ठिकाणी विभाग अशी यादी देतो. देत नसेल तर मुलाने ईमेल करून विचारावं, किंवा वरच्या वर्गातल्या कुणाला तरी गाठावं. लेकीला दिसायला देखणा म्हणून ॲपलचा मॅक हवा होता. यादीत रेव्हिट निघालं, म्हणजे इमारतींचे आराखडे करायचं सॉफ्टवेअर. रेव्हिट विंडोजवरच चालतं, यंत्रांचे भाग आखायच्या सॉलिडवर्क्सचंही तसंच. ऑटोकॅडची मॅकसाठी आवृत्ती आहे, पण ती विंडोजच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळत नाही. यादी पाहिल्यावर मॅकचा विषय तिने स्वतःच बंद केला, मला एक शब्द बोलावा लागला नाही. धाकट्याचं उलट. त्याला लागणाऱ्या आर आणि पायथन या प्रोग्रॅमिंग भाषा कशावरही चालतात, त्यामुळे त्याला सगळं रान मोकळं होतं. कायदा, भाषा, इतिहास शिकणाऱ्यांना ब्राउझर, लेखनाचं सॉफ्टवेअर आणि उत्तम कीबोर्ड मिळाला की भागतं. वाणिज्य किंवा वित्त शिकणाऱ्याने मॅक घेण्याआधी एक्सेलचं नीट विचारून घ्यावं, कारण पॉवर पिव्हटसारख्या (मोठ्या माहितीचं विश्लेषण करायच्या) काही सोयी मॅकच्या एक्सेलमध्ये नाहीत. क्रोमबुकवर, म्हणजे गूगलच्या प्रणालीवर चालणाऱ्या लॅपटॉपवर, विंडोजची सॉफ्टवेअर बसत नाहीत. आणि हल्ली मिळणारे स्नॅपड्रॅगन चिपचे विंडोज लॅपटॉप बॅटरीला छान असले, तरी प्रयोगशाळेतल्या जुन्या उपकरणाचा ड्रायव्हर (ते उपकरण लॅपटॉपला जोडून चालवणारं सॉफ्टवेअर) त्यांवर चालेलच असं नाही. ज्याच्या विषयात अशी उपकरणं आहेत त्याने आधी खात्री करावी.

घरातलाच जुना लॅपटॉप द्यायचा विचार असेल तर तो जरूर करा, त्यात कमीपणा काही नाही. फक्त विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय हे लक्षात असू द्या. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (लॅपटॉपमधली सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असावा लागतो.

धाकट्याला आम्ही एक आकडा सांगितला आणि प्रश्न दिले. शिक्षण संपेपर्यंत चालेल का? बिघडला तर कोण दुरुस्त करणार, आणि तोवर तू काम कशावर करणार? रोज पाठीवर घेऊन फिरशील का? स्वारी एक तक्ता घेऊन आली. तक्त्यात सगळ्यात वर होता गेमिंग लॅपटॉप. अभ्यासाला ग्राफिक्स कार्ड लागतं, असं त्याचं म्हणणं. (लागतं कधी कधी, पण पहिल्या वर्षाच्या संख्याशास्त्राला नाही.) मी नाही म्हटलं नाही. तक्त्यात चार्जरचं वजन धरलं नव्हतं, ते धरायला सांगितलं. त्या वर्गातल्या लॅपटॉपचं वजन अडीच किलोच्या आसपास आणि वर विटेएवढा चार्जर. त्याने तेवढ्या वजनाची पुस्तकं सॅकमध्ये भरली आणि बाहेर एक मोठा फेरफटका मारून आला. आल्यावर काही बोलला नाही, पण संध्याकाळपर्यंत तक्त्यातल्या ओळी खालीवर झाल्या होत्या.

आता तांत्रिक गोष्टी. पालकांना यातलं सगळं कळायची गरज नाही, पण दोन-तीन ठिकाणी हमखास फसगत होते. पहिली रॅम, म्हणजे चालू कामासाठीची तात्पुरती मेमरी. ८ जीबीवर आज काम चालतं, पण तीन-चार वर्षं काढायची तर १६ घ्या. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बहुधा मदरबोर्डला डकवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. ‘पुढे वाढवू की’ असं विक्रेता म्हणाला तर मोकळा स्लॉट आहे का, ते मॉडेलच्या अधिकृत माहितीपत्रकात पाहा. दुसरी गोष्ट साठवणीची. एसएसडी (वेगवान चिपवरची साठवण) हवी, ५१२ जीबी पुरते. स्वस्तातल्या काही लॅपटॉपमध्ये त्याऐवजी ईएमएमसी नावाची साधी साठवण असते, तिचा वेग फारच कमी. आणि नव्या लॅपटॉपवर ५१२ च्या जागी ४७६ दिसले तर दुकानदाराला फोन करू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या, तेवढाच तो फरक.

तिसरी प्रोसेसरची. नुसतं ‘आय फाइव्ह’ किंवा ‘रायझन फाइव्ह’ ऐकून काहीच कळत नाही. रायझन बनवणाऱ्या एएमडीच्या २०२३ च्या मालिकेतलं उदाहरण घ्या: ७५२०यू आणि ७५४०यू. नावं सख्ख्या भावंडांसारखी, पण तिसरा अंक आतली रचना कोणत्या पिढीची ते सांगतो. पहिल्यातली रचना ‘झेन २’ नावाची, म्हणजे २०१९ साली आलेली. दुसऱ्यातली झेन ४. धाकट्याला हे कळल्यावर तो दुकानातल्या प्रत्येक पाटीवरचा तिसरा अंक वाचत सुटला. पण असा एक तरी बारकावा मुलाने स्वतः हुडकून काढला की पुढच्या खरेद्या तो डोळे उघडे ठेवून करतो.

बाकीचं थोडक्यात: पडदा किमान १९२० बाय १०८० आणि आयपीएस (बाजूने पाहिलं तरी नीट दिसणारा) असावा, डिझाइनवाल्यांनी रंगांची अचूकताही पाहावी. यूएसबी-सीने चार्ज होत असेल तर उत्तम, मित्राच्या चार्जरवर काम भागतं. बॅटरीचे जाहिरातीतले तास मनावर घेऊ नका. वॉरंटीत पडझड आणि सांडलेलं पाणी धरलंय का ते विचारा, बहुतेक साध्या वॉरंटीत ते नसतं. आणि पैसे देऊन सॉफ्टवेअर घेण्याआधी कॉलेजचा ईमेल हाती येईपर्यंत थांबा. रेव्हिट, ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कची सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना मोफत मिळतात, बरीच कॉलेजं मायक्रोसॉफ्ट ऑफिसही देतात.

एक गोष्ट मात्र कुणीच सांगत नाही. नवा विंडोज लॅपटॉप सुरू करताना तो मायक्रोसॉफ्टचं खातं मागतो. घाईत बाबा स्वतःचं खातं टाकून मोकळे होतात. आता बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप एनक्रिप्ट होते, म्हणजे कुलूपबंद होते, आणि ती उघडायची ४८ अंकी ‘रिकव्हरी की’ (किल्ली) त्या खात्यात जाऊन बसते. पुढे कधी बायोस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट झालं किंवा मदरबोर्ड बदलला, तर निळा पडदा ती किल्ली मागतो. मूल परीक्षेच्या आदल्या रात्री तिकडे आणि किल्ली बाबांच्या खात्यात इकडे! कॉलेजचं खातंही इथे नको, कारण शिक्षण संपलं की ते बंद होऊ शकतं. मुलाचं स्वतःचं, कायम राहणारं खातं टाका, ते टाकताना त्यालाच खुर्चीवर बसवा आणि ती किल्ली कागदावर लिहून घ्या. फाइलींची एक प्रत क्लाउडवर, एक बाहेरच्या डिस्कवर. ती डिस्क लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवायची नाही, हे निक्षून सांगा. बॅग गेली तर दोन्ही जातात.

खात्यावरून आठवलं. मूल कॉलेजला निघतं तेव्हा त्याचं निम्मं आयुष्य आई-बाबांच्या फोनवर असतं: बँकेचा ओटीपी आईच्या नंबरवर, प्रवेशाचा ईमेल बाबांच्या पत्त्यावर, डॉक्टरांची वेळ घेणार आपण. निघायच्या आधी एक दिवस काढून हे सगळं मुलाच्या नंबरवर न्यावं. त्यासाठीचे फोन आणि अर्ज मुलानेच करावेत, आपण शेजारी बसावं. लेकीने पहिल्यांदा दवाखान्यात फोन केला तेव्हा बोलायचं आधी कागदावर उतरवून घेतलं होतं. समोरून विचारलं, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे? तिने माझ्याकडे पाहिलं. मला येत होतं, तिला नव्हतं. त्या दिवशी घरातल्या प्रत्येकाच्या ॲलर्जी, रक्तगट आणि चालू औषधं तिने आपल्या फोनमध्ये उतरवून घेतली.

लॅपटॉप खरेदीपेक्षा जास्त कामाला आलं ते प्राध्यापकांना ईमेल लिहिणं. विषयाच्या जागी विषय, पहिल्या ओळीत आपण कोण आणि कोणत्या वर्गातले, मग एकच प्रश्न. लॅपटॉपच्या यादीसाठी विभागाला पाठवलेला ईमेल हाच लेकीचा पहिला सराव ठरला. मला तो वाचायला दिला होता. मी एक स्वल्पविरामही बदलला नाही. तसंच अभ्यासक्रमाच्या कागदाचं. कोणत्या चाचणीला किती गुण, उशीर झाला तर किती कापतात, हजेरीची अट काय, हे सगळं त्यात छापलेलं असतं आणि मुलं ते वाचत नाहीत. पहिल्या आठवड्यात सगळ्या तारखा कॅलेंडरमध्ये टाकायच्या, एवढं ठरवून घ्या.

पैशांचं म्हणाल तर महिन्याची रक्कम एकदाच द्यावी आणि मधे हिशेब मागू नये. पहिला महिना विसाव्या तारखेला संपेल. संपू द्या. जेवणखाण आणि प्रवासाचे पैसे वेगळे बाजूला असतील तर काही बिघडत नाही, पुढचा महिना आपोआप पंचविशीपर्यंत पोचतो.

फोन किती करायचा, यावर आमच्याकडे वाद झाले. शेवटी ठरलं की वेळ मुलं ठरवतील, आम्ही वाट पाहू. कॉलेजच्या पोर्टलचा पासवर्ड आम्ही मागितला नाही आणि त्यांनीही दिला नाही. अडचण सांगायला फोन आला की मी आधी विचारते, ‘तू आत्तापर्यंत काय काय करून पाहिलंस?’ बहुतेक वेळा उत्तर देता देताच पुढचं त्यांना सुचतं. खरोखर माझी गरज असेल तर तेही याच उत्तरातून कळतं. लॅपटॉप सुरूच होत नाही म्हणून धाकट्याचा फोन आला तेव्हा वॉरंटीचा कागद, बिल आणि सिरियल नंबर त्याच्यापाशी तयार होता. त्याला फक्त तक्रारीचा मसुदा वाचून दाखवायचा होता.