ट्रॅकिंग एरिया बदलताना कोअरच्या बाजूने करावयाची तयारी

मोबाइल नेटवर्कच्या सायटी (टॉवरची ठिकाणे) एका ट्रॅकिंग एरियातून, म्हणजे फोन शोधण्यासाठी केलेल्या सेलच्या गटातून, दुसऱ्यात हलवायच्या म्हटल्या की सगळ्यांचे लक्ष टॉवरकडे जाते. भार मात्र कोअरमधील (नेटवर्कच्या मध्यवर्ती यंत्रणेतील) एमएमईवर, म्हणजे फोनची नोंदणी व ठावठिकाणा सांभाळणाऱ्या 4जी नोडवर, पडतो. म्हणून परभणी, जालना आणि छत्रपती संभाजीनगर पट्ट्यातील प्रत्येक एरियाच्या पेजिंगचे (नेटवर्कने फोनला हाक मारण्याचे) व अपडेटचे (फोनने नवा एरिया कळवण्याचे) ताशी आकडे आधीच काढून ठेवावेत, आणि त्यांत आठवडी बाजाराचा एक दिवस तरी असावा.

हद्द जिल्ह्याच्या नकाशावरून आखू नये. निष्क्रिय (कॉल वा डेटा चालू नसलेला) फोन नेमक्या कोणत्या सेलखाली आहे हे कोअरला ठाऊक नसते, फक्त त्याला दिलेली एरियांची यादी ठाऊक असते. त्यामुळे एरिया मोठा केला की पेजिंग वाढते आणि लहान केला की हद्द ओलांडणाऱ्यांचे अपडेट वाढतात. हद्द परभणी जंक्शनवरूनच गेली, तर फलाटावरचे फोन दोन्ही बाजूंना हेलकावत राहतात, आणि देवगिरी एक्सप्रेससारखी भरलेली गाडी ती ओलांडते तेव्हा अपडेटचा लोंढा येतो. ती दोन स्थानकांमधल्या विरळ वस्तीच्या शिवारात न्यावी. यादीत 16 पर्यंत एरिया देता येतात, पण लोंढा टाळण्यासाठी ती सरसकट लांबवणे हा माझ्या मते आळशी उपाय आहे, कारण पेजिंग पुन्हा फुगते.

नवा टीएसी (ट्रॅकिंग एरियाचा क्रमांक) सायटीवर चढवण्याआधी सर्व्हिंग गेटवे (ग्राहकाचा डेटा वाहणारा नोड) निवडण्यासाठीच्या डीएनएस नोंदी पूलमधील (भार वाटून घेणाऱ्या गटातील) प्रत्येक एमएमईवरून तपासाव्यात. नोंद राहिली तर सिग्नलच्या दांड्या पूर्ण दिसूनही जोडणी नाकारली जाऊ शकते. 4जीचा टीएसी 16 बिटांचा आणि 5जीचा 24 बिटांचा असल्याने दोन्ही एकाच तक्त्यात मिसळू नयेत. ज्यांचे कॉल अजून 2जीवर उतरतात त्यांच्यासाठी ट्रॅकिंग एरियाशी लोकेशन एरियाची (2जीमधील तशाच गटाची) जोडी जुळवावी, नाहीतर फोन आधी लोकेशन अपडेट करतो आणि कॉल रखडतो. आपत्ती इशाऱ्यांच्या सेल ब्रॉडकास्टचे तक्तेही बदलावेत; ते हमखास विसरले जातात.

तुळजापूरचे नवरात्र व पैठणची नाथषष्ठी वगळून मध्यरात्रीची वेळ घ्यावी. टीएसी बदलताच त्या सेलमधील निष्क्रिय फोन लगेच अपडेट पाठवतात, म्हणून सायटी लहान गटांत हलवून प्रत्येक गटानंतर एमएमईचा सीपीयू खाली येईपर्यंत थांबावे, आणि जुनी संरचना परत चढवण्याची फाइल हाताशी ठेवावी. फोन न हलताही ठरावीक वेळाने पाठवतो त्या नियतकालिक अपडेटचा मूळ कालावधी 54 मिनिटांचा आहे. म्हणून नोंदणीकृत ग्राहकांची संख्या निदान तासाभरानंतरच ताडून पाहावी.