धावत्या गाड्यांमधला रेडिओ सिग्नल मोजताय? या चुका टाळा

दोन गाड्यांवर ५.९ गिगाहर्ट्झचे रेडिओ बसवले, रस्त्यावर फेऱ्या मारल्या आणि अंतरानुसार आरएसएसआयचा (मिळालेल्या सिग्नलच्या ताकदीचा) आलेख काढला, की मोजणी झाली असं वाटतं. आलेख जितका सुबक, तितका तो नीट तपासावा.

सगळ्यात महागात पडते ती हरवलेली पॅकेट्स (रेडिओनं पाठवलेले डेटाचे तुकडे) विसरण्याची चूक. रिसिव्हर आरएसएसआय नोंदवतो तो फक्त डिकोड झालेल्या पॅकेटचा. समजा, लांबच्या अंतरावर दहातली सात पॅकेट्स हरवली. उरलेली तीन पोहोचली, कारण त्या क्षणी फेडिंग (सिग्नलचा क्षणाक्षणाला होणारा चढउतार) त्यांच्या बाजूनं होतं. त्यांचीच सरासरी काढली तर सिग्नल प्रत्यक्षापेक्षा ताकदवान दिसतो आणि पाथ लॉस (वाटेत होणारी सिग्नलची घट) कमी निघतो. वाहनसुरक्षेसाठी हा आकडा वापरला जाणार असेल तर ही चूक घातक आहे. ओळखायची खूण अशी: दूरच्या अंतरावरचे ठिपके एका पातळीच्या खाली जातच नाहीत, जणू पट्टी ठेवून कापले आहेत. उपाय म्हणजे प्रत्येक पॅकेटला क्रमांक द्या, पाठवणाऱ्या गाडीतही लॉग ठेवा आणि हरवलेलं प्रत्येक पॅकेट ‘रिसिव्हरच्या संवेदनशीलतेच्या मर्यादेखाली’ असं धरून मॅक्सिमम लाइकलिहूडनं (मिळालेला डेटा सर्वांत संभाव्य ठरेल अशी मूल्यं निवडण्याच्या पद्धतीनं) मॉडेल बसवा. ते जमत नसेल तर जवळपास सगळी पॅकेट्स पोहोचतात तेवढ्याच अंतरापर्यंत निष्कर्ष काढा.

सरासरीतही घोळ होतो. डेसिबलमधल्या आकड्यांची थेट सरासरी आणि मिलिवॉटमध्ये बदलून काढलेली सरासरी वेगळी येते. रेली फेडिंगमध्ये (थेट लहर नसून फक्त परावर्तित लहरी पोहोचतात तेव्हाच्या चढउतारात) हा फरक सुमारे २.५ डेसिबलचा असतो. शिवाय सरासरी वेळेवर नव्हे, अंतरावर काढा. नाहीतर गाडी सिग्नलला थांबली की एकाच जागेचे हजारो नमुने सगळ्या निकालावर स्वार होतात. इथे तरंगलांबी जेमतेम ५ सेंटिमीटर आहे, त्यामुळे सरासरीसाठी घेतलेली चाळीस तरंगलांबींची खिडकी म्हणजे फक्त २ मीटर.

चॅनल साउंडर (वेगवेगळ्या वाटांनी येणाऱ्या लहरी मोजणारं उपकरण) वापरत असाल तर डॉप्लरचा (वेगामुळे वारंवारितेत होणाऱ्या बदलाचा) हिशोब दोनच गाड्यांचा करू नका. एकमेकींकडे येणाऱ्या दोन गाड्या ताशी १०० किलोमीटरनं धावत असतील तर थेट लहरीचा डॉप्लर सुमारे १,१०० हर्ट्झ होतो. पण दोन्ही गाड्या एकाच दिशेनं जात असतील, तर त्याच वेगानं समोरून येणाऱ्या तिसऱ्या वाहनावरून परावर्तित झालेली लहर २,२०० हर्ट्झपर्यंत जाऊ शकते. सेकंदाला ४,४०० पेक्षा कमी नमुने घेतले तर ती लहर भलत्याच जागी उमटेल.

न समजणारा, सतत एकाच बाजूला सरकलेला डॉप्लर दिसला तर आधी दोन्ही रेडिओंची घड्याळं तपासा. ०.१ पीपीएमचा (दहा लाखांत ०.१ भागाचा) फरकसुद्धा इथे ५९० हर्ट्झ होतो. रुबिडियम घड्याळं (अतिशय अचूक अणुघड्याळं) पुरेशी तापू द्या, आणि फेरीच्या आधी व नंतर दोन्ही टोकं केबलनं जोडून मोजा. मध्ये अटेन्युएटर (सिग्नल क्षीण करणारा भाग) हवाच, नाहीतर रिसिव्हर जळेल.

जीपीएस सेकंदाला एकदाच नोंद करत असेल तर समोरासमोरच्या गाड्यांमधलं अंतर दोन नोंदींमध्ये पन्नास मीटरहून जास्त बदललेलं असतं. दहा हर्ट्झचा जीपीएस घ्या, कॅमेराही लावा. मध्ये ट्रक आला होता की नाही हे नंतर आठवणीनं सांगता येत नाही, आणि तो डेटा मोकळ्या रस्त्याच्या डेटात मिसळला की दोन्ही वाया जातात.

अँटेना टपावर बसवल्यावरच तिचा पॅटर्न (कुठल्या दिशेला किती सिग्नल जातो ते) मोजा, कारण टप तो बदलतो. पातळ केबल या वारंवारितेला मीटरमागे एक डेसिबलहून जास्त खाते, तेव्हा ती आखूड ठेवा.

आता उलट बाजूची चूक: आलेखातल्या खऱ्या दरीला (सिग्नल अचानक खाली जातो त्या जागेला) बिघाड समजून डेटा पुसणं. दोन्ही अँटेना दीड मीटर उंचीवर असतील तर रस्त्यावरून परावर्तित झालेली लहर थेट लहरीला ९० मीटरच्या आसपास खोडते, तसंच ४४ मीटरच्या जवळ. त्याच रस्त्यावर फेरी पुन्हा मारा. दरी त्याच अंतरावर आली तर ती रस्त्याची. खड्ड्यागणिक जागा बदलत असेल तर कनेक्टर उघडून बघा.