बेटावर जायचं तर आधी तिथी बघा

मुंबईहून एका दिवसात एखादं बेट करून यायचं ठरलं की घरात पहिला विषय निघतो डब्याचा. तो नंतर. आधी भिंतीवरचं कॅलेंडर खाली घ्या आणि तिथी बघा. रविवार आपल्या सोयीचा, समुद्राला त्याचं काय!

कोकणातला जुना हिशोब असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. पूर्ण ओहोटी त्याच्या सहा-सव्वासहा तास अलीकडे-पलीकडे, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. हा झाला ढोबळ अंदाज. आदल्या रात्री मोबाइलवर मुंबईचं भरती-ओहोटीचं कोष्टक ताडून बघायचंच.

एवढा खटाटोप मुख्यतः अलिबागच्या कुलाबा किल्ल्यासाठी. भरतीला तो बेट असतो, ओहोटीला चालत जाता येतं. अष्टमीला ओहोटी येते भर दुपारी बारा-साडेबाराला, वेळ अगदी मुंबईकराच्या सोयीची, पण ते भांगाचे दिवस. पाणी फार चढत नाही तसं फार उतरतही नाही, वाटेत बरंच राहतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी लांबवर हटतं खरं, पण सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या आगेमागे. म्हणून मधल्या तिथ्या धरायच्या. अलिबागला मुक्काम असेल तर चतुर्थी-पंचमी, मुंबईहून सकाळी निघायचं असेल तर एकादशी-द्वादशी, तेव्हा ओहोटी दुपारी अडीच-तीनला. एकादशीला आमच्याकडे निम्म्यांचा उपवास, आणि अलिबागला जाऊन सुरमईची थाळी न खाता परत यायचं हे उरलेल्या निम्म्यांना मंजूर नाही. म्हणून आम्ही द्वादशी धरतो.

दिवस ठरला की लाँच. गेटवेहून मांडवा सुमारे तासाभराचं, आणि पुढे अलिबागपर्यंतची बस बहुतेक कंपन्यांच्या तिकिटातच असते. गाडी न्यायची असेल तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो आहे, मार्च २०२० पासून. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँची मात्र मे अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात. जुनी माणसं नारळी पौर्णिमेआधी दर्यात पाऊल टाकत नसत, ते उगीच नव्हे. परतीची शेवटची लाँच किती वाजता आहे ते मांडव्याला उतरल्या उतरल्या विचारा आणि सगळ्यांना सांगा. एकट्याने लक्षात ठेवू नका.

किल्ल्यात उतरायची वेळ पूर्ण ओहोटीच्या तासभर आधीची, पाणी अजून हटत असताना. ओहोटी पूर्ण झाल्यावर पाऊण तासात पाय परत किनाऱ्यावर. हे मी शहाणपणाने नाही, फजितीने शिकले. आम्ही गेलो तेव्हा सासूबाई गणपतीच्या देवळात टेकल्या. राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेलं ते पंचायतन, आत कमालीचं गार. मुलं तोफांवर चढली. मी तटाचे दगड बघत बसले, चुना न घालता नुसते एकावर एक रचलेले, लाटेचं पाणी फटींत शिरून तिचा जोर मोडावा म्हणून. घड्याळाकडे कुणीच बघितलं नाही. जाताना घोट्याएवढं असलेलं पाणी येताना गुडघ्याच्या वर. आणि ते समोरून येत नाही. दोन्ही बाजूंनी वाळूवरून पातळ, आवाज न करता सरकत येतं, मधोमध मिळतं, आणि मिळतं तिथे पायाखालची वाळू हलायला लागते. सासूबाईंनी निऱ्या मागे खोचून सरळ काष्टा मारला, माझ्या मनगटाला धरलं आणि म्हणाल्या, "आता बोलू नकोस, चल." पाय भरून येत असतील तर घोडागाडी मिळते, तिचा भाव आधी ठरवावा.

यावरून कपड्यांचं. जीन्स नको. ओली झाली की किलोभर वजन पायाला बांधल्यासारखी होते आणि रात्रीपर्यंत वाळत नाही. सुती किंवा पटकन वाळणारी सलवार, पँट काहीही, पण पोटरीच्या वर जाईल अशी. पायात मागे पट्टा असलेल्या जुन्या सँडल्स. स्लिपर वाळू ओढून घेते, आणि अनवाणी गेलात तर खडकावरची कालवं ब्लेडसारखी कापतात. हिरवं शेवाळ दिसलं की त्यावर पाय द्यायचाच नाही. एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, मोबाइल आणि पैसे वेगळ्या पिशवीत.

घारापुरीला तिथीऐवजी वार बघायचा. सोमवारी लेणी बंद. हे लिहिताना मला आमची अकरा माणसं, दोन बाळं आणि पुरणपोळ्यांचा डबा डोळ्यांसमोर येतो; गेटवेवर उभे राहून आम्ही पोळ्या कबुतरांच्या साक्षीने संपवल्या. सकाळी नवाच्या सुमारास लाँच सुरू होतात, पहिल्या-दुसऱ्या लाँचने निघालात तर लेण्यात थोडी शांतता मिळते. अकरानंतर मुख्य लेण्यात सेल्फीची रांग असते. परतीची शेवटची साडेपाचच्या आसपास.

गेटवेच्या पायऱ्यांशी लाँची एकमेकींना चिकटून लागतात, कधी एका लाँचमधून दुसरीत जावं लागतं. हात मोकळे ठेवा, पिशवी पाठीवर. खलाशी हात देतो तेव्हा त्याचं मनगट धरा, त्याला तुमचं धरू द्या, आणि लाट लाँचला वर उचलेल त्या क्षणी पाय टाका. लाइफ जॅकेट मागून घ्या आणि घाला, नुसतं मांडीवर घेऊन बसू नका. घारापुरीला निघालेल्या लाँचला डिसेंबर २०२४ मध्ये नौदलाची स्पीडबोट धडकली, त्या अपघातानंतर तरी यावर वाद नको. वरच्या डेकचे थोडे जास्त पैसे पडतात; वारा हवा असेल तर द्या, पण ज्यांना बोट लागते त्यांनी खालीच, मधोमध बसावं, नजर लांब क्षितिजावर. आवळा सुपारी किंवा आल्याची वडी तोंडात. निघताना रिकाम्या पोटी नको आणि मिसळ चापूनही नको.

बेटावर धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी आगगाडी आहे, मुलांसाठी तिकीट काढावंच. पुढे साधारण १२० पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं. गुडघे दुखणाऱ्यांसाठी डोलीवाले असतात. माकडं मात्र सराईत. हातातली कॅरीबॅग म्हणजे आपल्यासाठीच आणलेली, असा त्यांचा ठाम समज आहे, आणि रंगीत सरबताच्या बाटलीचं झाकण ती आपल्यापेक्षा लवकर उघडतात. खाणं पाठीवरच्या सॅकमध्ये, चेन लावून. लेण्यात शिरल्यावर दोन मिनिटं नुसतं उभं राहा, फोटो नंतर. डोळे सरावले की समोरच्या भिंतीतला सदाशिव हळूहळू बाहेर येतो. आधी मधला शांत चेहरा, मग एका बाजूला रागीट अघोर, दुसऱ्या बाजूला कमळ धरलेला वामदेव. बहुतेक लोक एवढं बघून फिरतात. शेजारचा अर्धनारीश्वर आणि गंगाधर सोडू नका. वेळ उरला तर वरच्या टेकडीवर तोफा आहेत, तिथून बंदर सगळं दिसतं. २०१८ मध्ये समुद्राखालून केबल टाकेपर्यंत बेटावरच्या गावांत कायमची वीज नव्हती, हे मुलांना मुंबईकडे बोट दाखवून सांगितलं की ती जरा गप्प होतात.

डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, काकड्या, उकडलेली अंडी. माणशी दोन लिटर पाणी, कुलाबा किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर असली तरी. सुटे पैसे घ्या, रेंजचा भरवसा नाही. बायकांनी स्वच्छतागृहाचा विचार निघतानाच करावा. मांडव्याला आणि गेटवेजवळ सोय आहे, किल्ल्यात तिच्या भरवशावर राहू नका. टोपी, खाऱ्या पाण्याने माखलेला चष्मा पुसायला साधा ओला रुमाल, आणि कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी.

थळसमोरच्या खांदेरी या बेटावरच्या किल्ल्याचं नाव जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आल्यापासून जो तो विचारतो. थळहून कोळ्यांची होडी ठरवावी लागते. दहा-बारा जण असतील तरच परवडतं, आणि वारा असेल तर होडीवाला नाही म्हणतो. नाही म्हटलं की घासाघीस करायची नाही, जास्त पैसे तर मुळीच दाखवायचे नाहीत. तिथे ठोकलं की भांड्यासारखा वाजणारा दगड आहे, तो पुढच्या खेपेला. जंजिरा मात्र मुंबईहून एका दिवसात करू नका, सगळा वेळ रस्त्यात जातो आणि राजापुरीच्या शिडाच्या होडीत बसल्यावर घाईघाई करणं बरं दिसत नाही.

निघताना घरी राहणाऱ्याला परतीच्या लाँचची वेळ लिहून द्या. आमच्याकडे ती फ्रिजवर चिकटवतात, आणि लाँचमध्ये बसल्यावर "बसलो" एवढाच फोन करायचा असतो. तो आला की मग घरात भात लावतात.