महागडा गेमिंग मदरबोर्ड घेताय? आधी त्याचं मॅन्युअल वाचा

आमच्या इंदूरात सिल्व्हर मॉलला गेलं की काउंटरवर गेमिंग मदरबोर्डचा सगळ्यात चकचकीत, महागडा डबा आधी पुढे येतो, "भिया, टॉप मॉडल है, आँख बंद करके ले जाओ." तर डोळे उघडे ठेवूनच घ्या, कारण या किमतीत लोक नेमकं काय विकत घेतायत हेच त्यांना माहीत नसतं.

पहिली गोष्ट, बोर्डामुळे एफपीएस (गेममध्ये सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) वाढत नाही. तोच प्रोसेसर, तेच ग्राफिक्स कार्ड, तीच रॅम वीस हजारांच्या बऱ्या बोर्डवर लावा नाहीतर साठ हजारांच्या, गेममध्ये फरक जवळपास दिसतच नाही. जास्तीचे पैसे जातात ते जोडण्यांसाठी, पॉवर डिलिव्हरीसाठी, आणि काही बिघडलं तर लवकर कळावं म्हणून. हे तुम्हाला हवंय का ते आधी ठरवा. रामबागेतली पोरं मला बोर्डाचा फोटो पाठवून विचारतात की दादा कसाय, आणि मी प्रत्येकाला एकच सांगतो, कंपनीच्या साइटवरून त्याच मॉडेलचं मॅन्युअल डाउनलोड कर आणि एम.२ स्लॉटचं, म्हणजे एसएसडी लावायच्या जागांचं पान उघड.

का ते सांगतो. एएम५ म्हणजे एएमडीचा सॉकेट, त्यावरच्या रायझन ७००० आणि ९००० प्रोसेसरमधून एकूण २८ पीसीआयई लेन (डेटा जायचे मार्ग) निघतात, त्यातल्या ४ चिपसेटकडे (बोर्डावरच्या बाकी जोडण्या सांभाळणारी चिप) जातात, उरल्या २४. त्यातल्या १६ ग्राफिक्स कार्डाला, उरलेल्या ८ मध्ये एसएसडी वगैरे. आता एक्स८७० आणि एक्स८७०ई चिपसेटच्या बोर्डांवर यूएसबी४ (वेगवान यूएसबी) द्यावंच लागतं, आणि बऱ्याच बोर्डांवर ते याच ८ पैकी ४ लेन खातं. मग डब्यावर पाच एम.२ स्लॉट लिहिलेले असतात पण दुसऱ्या-तिसऱ्या स्लॉटमध्ये एसएसडी लावली की कुठे यूएसबी४ चा वेग अर्धा होतो, कुठे ग्राफिक्स स्लॉट १६ वरून ८ लेनवर येतो, आणि हे डब्यावर नाही, मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात असतं. पीसीआयई ५.० चं कार्ड असेल तर ८ लेनने फारसं बिघडत नाही, कारण ५.० च्या ८ लेन म्हणजे ४.० च्या १६ इतकाच वेग. कार्ड जुनं असेल तर थोडा फटका बसतो. चिपसेटमागचे बाकीचे स्लॉट एकाच ४ लेनच्या रस्त्यावरून प्रोसेसरकडे जातात, साधारण सेकंदाला ८ जीबी, सगळ्यांत मिळून. गेमला हे पुरतं, पण दोन एसएसडींमध्ये मोठे व्हिडिओ इकडून तिकडे करणाऱ्याने हे बघूनच घ्यावं.

आता व्हीआरएमचं, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाचं बघा. १८ फेज (त्या वीजपुरवठ्याच्या शाखा), २० फेज, ११० अँपिअर वगैरे आकडे मोठ्या अक्षरात असतात. पण ९८००एक्स३डी सारखा गेमिंगचा प्रोसेसर सॉकेटवर जास्तीत जास्त १६२ वॅट घेतो, म्हणजे त्याच्यासाठी चांगल्या १४ फेज भरपूर झाल्या. आपल्याला फेजपेक्षा हीटसिंक जास्त महत्त्वाचा! रिव्ह्यूवाले २०-२५ डिग्रीच्या खोलीत टेस्ट करतात, आणि इथे मे महिन्यात बाहेर ४२ असतं, एसी नसेल तर खोलीतही ३५ च्या वर. म्हणून रिव्ह्यूमधलं व्हीआरएमचं टेंपरेचर बघा, त्यात १०-१५ मिळवा आणि मग विचार करा. हीटसिंक जाड, खाचा असलेला हवा, नुसतं वरून प्लॅस्टिकचं झाकण आणि लाइट असेल तर सोडा.

रॅमच्या दोनच स्टिक घ्या. चार लावल्या की रायझन ९००० ला अधिकृत वेग डीडीआर५-३६०० वर येतो, बोर्ड कितीही महाग असो. ६००० ची एक्स्पो (एएमडीसाठी तयार वेगाची सेटिंग असलेली) किट घ्या, ती बोर्डाच्या क्यूव्हीएल, म्हणजे कंपनीने तपासलेल्या रॅमच्या यादीत आहे का बघून.

बायोसकडे, म्हणजे बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरकडे लोक बघतच नाहीत, मला तर ते सगळ्यात मोठं वाटतं. २०२३ मध्ये काही ७८००एक्स३डी प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाले, तेव्हा एएमडीने एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरच्या एका भागाला मिळणारं) १.३ व्होल्टवर अडवलं आणि ते लोकांपर्यंत बायोस अपडेटमधूनच पोचलं. म्हणून सपोर्ट पेजवर जा, कंपनीच्या दोन वर्षं जुन्या बोर्डांना अजून अपडेट येतायत का ते तारखांवरून बघा. एएमडीने एएम५ ला २०२७ आणि पुढेही सपोर्ट सांगितलाय, म्हणजे याच बोर्डवर उद्या दुसरा प्रोसेसर बसेल, पण बायोस आला तरच. मागे बायोस फ्लॅशबॅकचं (पेनड्राइव्हवरून बायोस परत टाकायचं) बटण हवंच, अपडेट चालू असताना लाइट गेली तर तेच वाचवतं. आकड्यांचा एरर कोड डिस्प्ले पण असावा, पीसी सुरू झाला नाही की नेमकं कुठे अडकला ते कळतं.

वायफाय ७, ५ गिगाबिट लॅन, ऑडिओ चिप, ठीकच आहे, यासाठी म्हणून जास्तीचे पैसे देऊ नका.

आणि दुकानातच डबा उघडा. सॉकेटवरची टोपी काढून मोबाइलच्या टॉर्चने तिरकं बघा, १७१८ पिना एका ओळीत चमकल्या पाहिजेत, एखादी वाकडी असेल तर तिथेच परत करा कारण घरी गेल्यावर वाकलेल्या पिनेची वॉरंटी मिळणं फार कठीण. फोटो काढून ठेवा, जीएसटी बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या. ई-एटीएक्स (जास्त मोठ्या आकाराचा) बोर्ड असेल तर कॅबिनेटचं माप घरूनच घेऊन जा, आणि ती प्लॅस्टिकची टोपी फेकू नका, सर्व्हिस सेंटरवाले बोर्ड जमा करताना मागतात.